पारूचं ऊन

तेलीबाग, लखनौ

प्रिय शरद,

सप्रेम जय भीम. आधी एवढं वाच, मग हवं तर पत्र बाजूला ठेव: तुझी नात बरी आहे. माझ्या उत्पलाला जे होतं ते पारूला नाही आणि पुढेही होणार नाही. काल दुपारी डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. फोन ठेवला, उरलेली जुडी निवडून संपवली, उठून पाणी प्यायले आणि मग रडले. या क्रमाने. खालच्या मजल्यावरची मिसराइन जिन्यातून वर डोकावून म्हणाली, "क्या हुआ दीदी, कोई गुज़र गया क्या?" मी म्हटलं, नाही गं, कोणी गेलं नाही म्हणून रडते आहे.

फोन तू उचलत नाहीस. पण पोस्टात जन्म घालवलेला माणूस हातात आलेलं पत्र न उघडता ठेवणार नाही, या भरवशावर लिहिते आहे. पत्ता मुद्दाम मोठ्या अक्षरात आणि पिनकोडासकट घातलाय. अर्धवट पत्त्यांवरून तू जेवताना लोकांचा कसा उद्धार करायचास ते मी विसरलेली नाही.

पारू आजारी होती हेही तुला ठाऊक नसेल. हेमा तिच्या आईशी चोरून बोलते, पण तिनेही "पोरीच्या अंगावर जरा पुरळ आलंय" एवढंच सांगितलं होतं. म्हणून पहिल्यापासून सांगते. जानेवारीत इथे धुकं धरतं. दोन-दोन आठवडे सूर्य दिसत नाही, वाळत घातलेले कपडे ओलेच राहतात. मग एक दिवस ऊन पडतं आणि अख्खी वसाहत गच्चीवर चढते. कोणी मुळे चिरतं, कोणी लोकर विणतं, म्हातारे पाठ उन्हाकडे करून पेंगतात. त्यात तान्ही पोरं म्हणजे तेल लावून उन्हात लोळवायचीच. पारू तेव्हा नऊ महिन्यांची होती. तिच्या मालिशीला रामकली म्हणून एक बाई येते, हात चांगला आहे, तोंड त्याहून चांगलं. पारूच्या दंडांवर आणि मांड्यांवर थंडीने कोरडे फिके ठिपके आले होते. रामकली हेमाला म्हणाली, "बहू, सफ़ेद दाग़ का डर है। हम बावची का तेल लाएँगे, पंद्रह दिन में साफ।" हेमाला ते पटलं. मी गच्चीवर नव्हते, असते तर मीही हो म्हटलं असतं. आपल्याकडेही बावची अशा डागांना लावतातच.

दुसऱ्या दिवशी पोरगी लाल झाली. त्याच्या पुढच्या दिवशी दंडांवर आणि मांड्यांवर फोड आले, पाण्याने भरलेले, काही माझ्या अंगठ्याएवढे. हेमाने तिला दुपट्यातून सोडवून माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, "आत्या, हे काय?" मला पुढचं ऐकू आलं नाही. मी सरळ आतल्या खोलीत गेले, पलंगाखालची पेटी ओढली आणि जुने पडदे बाहेर काढले.

ते पडदे तू पाहिले आहेस. उत्पला आठ वर्षांची असताना तू सुट्टीत आला होतास आणि मला म्हणालास, "अक्का, हे घर आहे का फोटो धुवायची खोली?" दोन कापडांच्या मधे काळं अस्तर, वर-खाली नाड्या. सगळ्या खिडक्यांना होते. तिचं नाव तूच काढलं होतंस. कुठल्या तरी पुस्तकात थेरी उत्पला या बुद्धकाळच्या भिक्खुणीची गोष्ट वाचून मला आंतरदेशीय पत्रावर लिहिलं होतंस, निळं कमळ असा अर्थ होतो म्हणून. माझी पहिली लेक. ती बारा वर्षांची होऊन गेली. तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहून जाते.

एक गोष्ट मात्र तुला ठाऊक नसेल. दिवसा तिला बाहेर सोडत नव्हतो, तर तिने स्वतःच एक नियम काढला होता. संध्याकाळी मला अंगणात उभं करायची आणि दाराआडून माझी सावली बघायची. सावली माझ्याहून लांब पडली की ऊन उतरलं, आता पायरीपर्यंत यायला हरकत नाही, असा तिचा हिशेब. "मम्मी, ज़रा सीधी खड़ी हो," म्हणायची, म्हणजे सावली खरी पडेल. पुढे मी पुस्तकात वाचलं की तिचा हिशेब बराचसा बरोबर होता. सूर्य तिरपा झाला की त्याचे पोळणारे किरण कमी होतात. ती शाळेत दुसरीपर्यंतच गेली होती.

मी पडदे लावत होते आणि हेमा पोरीला घेऊन दारात उभी होती. तिने विचारलं, "आत्या, हे कधीचे?" राजा कामावरून यायचा होता. मग मी तिला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं, लग्नाच्या वेळी न सांगितलेलंही. तिने पारूला पदराखाली घेतलं आणि उरलेल्या पडद्याची नाडी दुसऱ्या हाताने धरून मला म्हणाली, "बांधा." शरद, तुझी पोर खंबीर आहे. हे तुला माहीत असेल, मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. डॉ. निशात म्हणून कातडीच्या रोगाच्या तरुण बाई आहेत, राजाच्या वयाच्या. त्यांनी पारूला उलटसुलट करून पाहिलं आणि पहिला प्रश्न तोच विचारला: "शादी रिश्तेदारी में हुई है?" राजा खाली बघायला लागला. हेमाने मान वर करून सांगितलं, "जी। ये मेरी बुआ के लड़के हैं।" बाहेर बसलेल्यांनाही ऐकू गेलं असेल. तिला त्याचं काही नव्हतं.

मला पस्तीस वर्षांपूर्वीची तीच खोली आठवली. म्हणजे खोली दुसरी, पण प्रश्न तोच. तू लखनौत राहिला नाहीस, तुला कळायचं नाही. आपल्याकडे मामाची मुलगी करणं म्हणजे घरचंच, सोयीचं, कौतुकाचं. मी माझ्या आत्याच्या घरात सून म्हणून आले तेव्हा आपल्या आजीने गावात पेढे वाटले होते. इथे आल्यावर नव्या नवलाईत मी हे मिसराइनच्या सासूला सांगितलं. म्हातारीने कपाळाला हात लावला. "हाय दइया, बुआ के लड़के से? भाई-बहन का ब्याह?" पुढे कित्येक महिने तिने आमच्या घरचा चहा घेतला नाही. तुझ्या दाजींनी मला बजावलं, आता कोणाला सांगू नकोस. मग उत्पलाला घेऊन डॉक्टरांकडे गेलो तेव्हा सोबत त्यांच्या कचेरीतले हरिहर शुक्ला होते. डॉक्टरांनी विचारलं आणि दाजी म्हणाले, "जी नहीं, बाहर की है।" मी, बाहेरची, कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. डॉक्टरांनी उन्हाची ॲलर्जी म्हणून मलम लिहून दिलं. ते लावून पोरगी दोन वर्षं अंगणात खेळली. दुसऱ्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी नंतर दोघांनाच आत घेऊन विचारलं, तेव्हा खरं निघालं. दाजींना मी कधी बोलले नाही. ते स्वतःच उन्हाळ्यात कधी छत्री घेईनासे झाले. सांगून ऐकायचे नाहीत. रिटायर होईपर्यंत दुपारच्या उन्हात उघड्या डोक्याने सायकलवर. तीन वर्षं झाली त्यांना जाऊन, अजून मे महिन्यात दुपारी गेटची कडी वाजल्यासारखी होते आणि मी लिंबू कापायला घेते.

असो. डॉ. निशातनी दुसरा प्रश्न विचारला तो माझ्या डोक्यातही आला नव्हता. "माँजी, ये फफोले चेहरे पर क्यों नहीं हैं?" चेहराही त्याच उन्हात होता. मग त्यांनी पारूचा हात वर करून दाखवला: कोपरापासून मनगटाकडे फोडांची एक सरळ ओळ गेली होती, ओघळ यावा तशी. मांडीवर तर चार बोटांचे ठसे. "मालिश किससे की थी?" मी सांगितलं. त्या हसल्या, आणि मला म्हणाल्या, घरी जाऊन त्या मालिशवालीचे हात बघा.

आम्ही परतलो तर रामकली जिन्यात बसलेली, हात पदराखाली. मी म्हटलं दाखव. ती म्हणे, "कुछ नहीं अम्मा, चूल्हे से जल गया।" मी पदर ओढला. दोन्ही हातांची बोटं मागच्या बाजूने काळी-लाल आणि फुगलेली. तेल लावून ती पण उन्हातच बसली होती ना. मला इतकं बरं वाटलं की मी तिला मिठी मारली. ती घाबरून म्हणाली, "अम्मा, हमको निकालोगी तो नहीं?" बावचीच्या तेलात एक द्रव्य असतं. ते पेशीत शिरून बसतं आणि ऊन पडलं की आतल्या धाग्याच्या दोन्ही बाजू एकमेकींना टाचून टाकतं. सावलीत काही होत नाही, उन्हात भाजतं. रामकलीला मी काढलं नाही. बावची काढली.

आता तू म्हणशील, धागा कसला, पेशी कसली, अक्का नववी नापास. उत्पला गेल्यावर काही वर्षांनी मी वाचायला लागले हे तुला माहीत आहे. आधी राजाची अकरावी-बारावीची हिंदी पुस्तकं, मग अमीनाबादच्या बाजारातून रद्दीच्या भावात मिळायची ती. त्यामुळे मला यातले शब्द हिंदीत येतात, मराठीत शोधावे लागतात. मला जे समजलं ते सांगते. तुला समजलं पाहिजे, का ते शेवटी सांगेन.

दाजींचं ते खाकी जॅकेट आठव, त्याची चेन सारखी अडकायची. आपल्या प्रत्येक पेशीत तशीच एक लांबलचक चेन असते. दोन बाजू, दोन्हीकडे दाते, या बाजूचा दाता त्या बाजूच्या ठरलेल्या दात्यातच बसतो. शरीर कसं चालवायचं ते सगळं त्या दात्यांच्या ओळीत लिहिलेलं. उन्हातले अतिनील किरण काय करतात, तर एकाच बाजूचे शेजारी-शेजारी असलेले दोन दाते एकमेकांना चिकटवतात. मग ते समोरच्यात नीट बसत नाहीत, तिथे चेनीला फुगवटा येतो आणि सरकता हूक तिथे येऊन अडतो. अशी खोट भर दुपारच्या उन्हात एकेका पेशीत हजारोंनी होते. तुझ्या, माझ्या, उसाच्या गाड्यावरच्या माणसाच्या, सगळ्यांच्या. आणि आपल्याला पत्ताही लागत नाही, कारण पेशीत दुरुस्तीची मंडळी बसलेली असतात. एक जण चेनीवरून हात फिरवत हिंडतो आणि फुगवटा चाचपतो. दुसरे तिथे चेन थोडी उघडतात. मग खोटीच्या अलीकडे आणि पलीकडे कातरी लागते आणि तेवढाच तुकडा काढून टाकतात. समोरची बाजू शाबूत असते, तिच्याकडे बघून नवे दाते भरतात आणि शेवटी टोकं जोडतात. रोज, न थकता. आपण आपले घाम पुसत सावली शोधत असतो.

मलिहाबादेत दाजींच्या मित्राची आंब्याची बाग आहे. मला वाटायचं, ही झाडं जन्मभर उन्हातच उभी, यांचं काय? तर झाडांकडे एक जादाचं अवजार आहे. ते उजेडावरच चालतं. चिकटलेले दाते प्रकाशाच्याच जोरावर जागच्या जागी सोडवून टाकतं. पक्ष्यांकडे आहे, माशांकडे आहे. माणसाकडे नाही, आपल्या पूर्वजांनी कधी तरी वाटेत हरवलं. हे वाचलं त्या दिवशी मला फार राग आला होता. कोणावर ते कळेना, मग मी दिवाणावरच्या सगळ्या खोळी धुवून काढल्या.

उत्पलाकडे कातरणारे होते, भरणारे होते, जोडणारे होते. हात फिरवून खोट शोधणारा तेवढा नव्हता. डॉक्टर त्याला अक्षरांनी ओळखतात, ए, बी, सी असे. तिच्यात सी नव्हता. म्हणून तिला भाजायचं नाही, फोड यायचे नाहीत. नुसते तीळ यायचे, मग वांग, मग गाठी. खोट साठत राहायची आणि ती कुठे आहे ते सांगायला कोणी नाही. डॉ. निशातनी मला विचारलं होतं, "आपकी बेटी को ऐसे फफोले पड़ते थे?" आणि मी नाही म्हणताना मला स्वतःला कळलं की मी भीतीपोटी बघितलंच नव्हतं. ही तिच्यासारखी नव्हतीच.

पण बावचीने एवढंच सिद्ध झालं की हे फोड बावचीचे. पारूत तो दोष नाही असं नव्हे. तीळ यायचे ते वर्ष-दीड वर्षाचं झाल्यावर येतात. डॉक्टर म्हणाल्या, घरात एक मूल गेलंय आणि लग्न नात्यातलं आहे, तर रक्त तपासून घेऊ. माझं, राजाचं, हेमाचं आणि पारूचं घेतलं. पारू अशी ओरडली की राजा बाहेर निघून गेला. मग वाट बघणं. राजा रात्रंदिवस मोबाइलवर तेच वाचायचा आणि मला विचारायचा, "मम्मी, सब ठीक ही आएगा ना?" मी मराठीत विचारलं तरी तो हिंदीतच उत्तर देतो, पण भ्यायला की त्याचा आवाज अजूनही आपल्या अकोल्याचा होतो. पारूचे फोड दरम्यान बसले, खाली गुलाबी कातडी आली, मग ती काळवंडली, मग हळूहळू उजळायला लागली. मी रोज ते डाग बघायचे. काम चाललंय असं वाटायचं. पण पडदे काढायचा धीर होत नव्हता.

ते वाट बघण्याचे दिवस मला एकटीलाच नवे नव्हते. राजा आणि हेमाने लग्नाचं काढलं तेव्हापासून मी तीच वाट बघत होते. तू किती खूश झाला होतास. "अक्का, पुन्हा पोर आत्याच्याच घरी!" आणि मी नाही म्हटलं. कारण विचारलंस, मी गप्प. तू म्हणालास, "लखनौचं पाणी लागलं तुला. माझी पोर आता तुला गावंढळ वाटते." मग म्हणालास, ज्या घराने माझ्या पोरीला नाही म्हटलं त्या घरचं पाणी पिणार नाही. पोरांनी कोर्टात जाऊन लग्न केलं, मी आठवड्यात त्यांना घरी आणलं, तू आला नाहीस. दाजी गेले तेव्हा आलास. चारबाग स्टेशनाजवळ हॉटेलात उतरलास, खांदा दिलास, वंदनेला बसलास आणि माझ्याच पायरीवर बसून सोबत आणलेल्या बाटलीतलं पाणी प्यायलास. मिसराइनने ग्लास भरून आणला होता, तो तसाच राहिला. मी पाहिलं. तू मला पाहताना पाहिलंस.

मी तेव्हा कारण बोलले असते तर काय झालं असतं ते तू पोस्टात बसून माझ्यापेक्षा चांगलं जाणतोस. अकोल्यात चार घरी गेलं असतं की शरदच्या पोरींच्या रक्तात काही तरी आहे. तुझ्या दोन मुली लग्नाच्या. म्हणून मी वाईटपणा माझ्याकडे घेतला. तो मला जड नव्हता. तुझं न येणं जड होतं.

आता काल काय कळलं ते ऐक. प्रत्येकाला प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडची, एक बापाकडची. एक बिघडली तरी दुसरी काम भागवते आणि माणसाला जन्मभर काही होत नाही. माझी एक बिघडलेली आहे. दाजींचीही होती. दोघांनाही ती एकाच जागेवरून आली, आपल्या आजोबांकडून किंवा आजीकडून. त्यांना दोष नाही, त्यांना काय माहीत. उत्पलाला दोघांकडचीही बिघडलेलीच मिळाली. राजात एक आहे. हेमात नाही. तिच्या दोन्ही प्रती साफ. पारूत बापाकडून एक आलीय, पण आईकडची चांगली आहे, ती पुरते. आणि या दोघांना आणखी कितीही पोरं झाली तरी त्यांना हा आजार होणार नाही. तुझ्या पोरीत काही खोट नाही, शरद. "माझ्या पोरीत काही खोट नाही" असं तू तेव्हा म्हणाला होतास, बरोबर निघालास.

फोन झाल्यावर मी हेमाला सांगितलं. तिने स्टूल ओढलं, सगळे पडदे उतरवले आणि बादलीत भिजवले. साबण सुद्धा मला घालू दिला नाही. मग आम्ही पारूला गच्चीवर नेलं. ती टोपी ओढून फेकत होती, रामकली तीळतेल चोळत होती आणि म्हणत होती, "देखो अम्मा, शुद्ध तिल का है, सूँघ लो।" पाण्याच्या टाकीशी माझी सावली पडली होती. लांब होती का आखूड ते मी बघितलं नाही. पारू तिच्यावर थापट्या मारत होती.

आता हे सगळं का लिहिलं ते. हेमाच्या आईने तिला सांगितलं की तिची बहीण, आपली सानिका, गीताच्या संग्रामला द्यायचं चाललंय, येत्या महिन्यात पक्कं करणार. आपल्या धाकट्या बहिणीचा मुलगा, म्हणजे तिसरी पोर आत्याच्या घरी. मुलगा चांगला आहे, मला आवडतो. मी नाही म्हणत नाहीये. या वेळी मी आधी बोलते आहे. हेमाला नाही म्हणून सानिकाला नसेलच असं होत नाही. तुझ्यात ती प्रत असू शकते, गीतातही असू शकते, आणि मग एकेका पोरात उतरलेली असू शकते किंवा नसू शकते. सानिका आणि संग्राम दोघांचं रक्त आधी तपासून घे. खोट नेमकी कुठे असते ते आमच्या रक्तातून आता कळलंय, डॉ. निशात म्हणतात तेवढीच जागा बघायची, फार दिवस लागत नाहीत. एकातच निघाली किंवा कोणातच नाही, तर वाजतगाजत लग्न करा, मी शालू घेऊन येते. दोघांतही निघाली, तर मग बसून बोलू, त्यालाही वाटा आहेत, मी वाचल्या आहेत. माझ्यावर रागव, पण हे टाळू नकोस. पोरांना घेऊन इथेच ये. चारबागला उतरून हॉटेल शोधत बसू नकोस, राजा गाडी घेऊन येईल. पाण्याची बाटली आणलीस तरी मी काही म्हणणार नाही. माठ मात्र आज सकाळी धुवून भरून ठेवलाय.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
अक्का